सूत कोणाचं, घोंगडी कोणाची?

(अंबड तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागं मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या दादा-भाऊंनो,

एखादं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं की आपण म्हणतो, भिजत घोंगडं पडलंय. कोर्टातला दावा, सातबाऱ्यावरची नोंद, रखडलेली सोयरीक, सगळ्याला हा एकच शब्द. घोंगडी पाण्यात पडली की उचलवत नाही, पिळता येत नाही आणि लवकर वाळतही नाही. ही म्हण ज्यानं केली त्याला घोंगडी धुण्याचा अनुभव असणार. आणि घरात घोंगडी धुतं कोण, हे इथं बसलेल्या कुणालाच सांगायला नको.

आज मी खऱ्या घोंगडीविषयीच बोलणार आहे. कारण आपल्या भागात घोंगडी विणणाऱ्यांची सहकारी संस्था काढायचं घाटतंय. चांगली गोष्ट आहे. मागणी येते आहे, शहरातले लोक हातानं केलेली वस्तू शोधत येतात, मधला दलाल गेला तर चार पैसे घरात राहतील. सभासदांची यादी तयार व्हायला लागली आहे. ती मी पाहिली. वरपासून खालपर्यंत सगळी नावं पुरुषांची. मी विचारलं, बायकांची नावं कुठं आहेत? उत्तर मिळालं, "ताई, ही विणकरांची संस्था आहे. आपल्यात बाया मागावर बसत नाहीत."

खरं आहे. आपल्याकडं बाई मागावर बसत नाही. मग ती काय करते, ते आज जरा मोजून बघू.

मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. कातरण्याआधी तिला ओढ्यात किंवा नदीत धुवावं लागतं. कातरणी चालवतात पुरुष, पण मेंढी धरायला, कोकरं बाजूला ठेवायला, पडलेली लोकर गोळा करायला घरच्या बायका-पोरी. मग लोकर निवडायची. काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी. कोकराची पहिली कातर, जिला आपण जावळ म्हणतो, ती तर जपून वेगळी ठेवायची, कारण तिची घोंगडी सगळ्यात मऊ. त्यातले काटे, कुसळं, गोखरू, शेण, माती हातानं वेचून काढायची. मग लोकर पिंजायची. पिंजताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. पिंजून झालं की पेळू करायचे आणि रहाटावर सूत कातायचं. रानात मेंढरांमागं फिरताना पुरुषही टकळी फिरवतात, ते मी नाकारत नाही. पण घरातला रहाट बाईचा. सूत कातून झालं की ताण्याला खळ लागते. ती चिंचोक्यांची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. ही खळ ताण्याला कुंचीनं लावतात, तेव्हा एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला बायको असते. त्यानंतर कुठं माग सुरू होतो. घरातला म्हातारा किंवा कर्ता पुरुष खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि धोटा फेकतो.

आपल्या बैठकीत आम्ही हा हिशेब बायकांकडूनच मांडून घेतला. पाटी-पेन्सिल नव्हती, ज्वारीचे दाणे घेतले. ज्या कामाला जितके दिवस, तितके दाणे. मोठी घोंगडी धरली तर विणायला दोन-तीन दिवस. पिंजण धरून तिचं सूत कातायला, घरचं सगळं आवरून, पंधरा ते वीस दिवस. खळ, निवडणं, धुणं वेगळं. एका बाजूला तीन दाणे आणि दुसऱ्या बाजूला ढीग. एक आजी त्या ढिगाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग मी आजवर काय करत होते, ते कुनी इचारलंच न्हाई."

त्यांना कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्या लेखी घोंगडी मागावर सुरू होते. त्याच्या आधीचं सगळं घरकाम. स्वयंपाक, पाणी, सरपण, पोरं, आणि त्याच ओळीत सूत. दिवसभराच्या कामाच्या फटींत ते बसवलेलं असतं. भाकरी थापून झाल्यावर, पोर निजल्यावर, पावसानं रानात जाता येत नाही तेव्हा. फटींत केलेलं काम काम वाटत नाही. माणूस ठरावीक जागी, ठरावीक वेळी बसला की आपल्याला वाटतं, हा कामाला बसला.

मी धनगराच्या घरात वाढले. १९७२ च्या दुष्काळात मी पाच-सहा वर्षांची होते. मेंढरं निम्मी मेली, उरलेली मातीमोल भावानं गेली. आई खडी फोडायला गेली. तिथं हजेरीपट होता. त्यावर आईचं नाव लिहिलं होतं आणि नावापुढं तिचा अंगठा होता. पुढं रोजगार हमीचा कायदा आला, दुष्काळी कामाचा हक्क झाला. पण मला आठवतं ते वेगळंच. आई आयुष्यभर रहाटावर बसली, तिच्या सुताच्या किती घोंगड्या झाल्या त्याची गणती नाही. तरी तिचं नाव एखाद्या कामाच्या कागदावर पहिल्यांदा चढलं ते दगड फोडताना. जे काम तिला उत्तम येत होतं त्याच्या कागदावर ते कधीच चढलं नाही. माझी थोरली बहीण चौथीतून निघाली, कारण आईला रहाटाला आणि कोकरांना हात हवा होता. मी शिकले ती तिच्या जिवावर. म्हणून ही यादी पाहिली तेव्हा मला गप्प बसवेना.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. आपल्या एका मैत्रिणीनं मला तुर्कस्तानातल्या गालिच्यांचं पुस्तक दाखवलं. पानोपानी रंग. पश्चिम तुर्कस्तानात उशाक नावाचं गाव आहे. तिथले लोकरीचे गालिचे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच युरोपात जात होते. राजे-सरदार, व्यापारी ते टेबलावर अंथरायचे. युरोपातल्या चित्रकारांनी आपल्या चित्रांत ते रंगवले. आणि आज त्या गालिच्यांच्या नक्ष्यांना नावं कोणती? एका प्रकाराला 'हॉल्बाइन' म्हणतात, दुसऱ्याला 'लोट्टो'. हे दोघं चित्रकार. एक जर्मन, एक इटालियन. ज्यांनी गालिचा नुसता चित्रात काढला, त्यांचं नाव गालिच्याला लागलं. ज्यांनी एकेक गाठ मारून तो उभा केला, त्यांचं नाव पुस्तकात कुठंच नाही.

तिथं एक फरक आहे. तुर्कस्तानातल्या खेड्यांत गालिचा बाईच विणते. उभा माग घरात असतो, मायलेकी शेजारी बसून गाठी मारतात. लग्नाआधी मुलीनं आपले गालिचे विणायचे अशी रीत होती. त्यांच्या नक्षीत एक आकृती आहे, कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी असलेली बाई. तिचं नावच मुळी 'कमरेवर हात' असं आहे. मला ती फार आवडली. पण नक्षीत उभी असलेली ही बाई बाजारात मात्र उभी नसायची. गालिचा विकायला पुरुष जायचा, पैसे त्याच्या हातात पडायचे. म्हणजे बघा, आपल्याकडं म्हणतात, बाई मागावर बसत नाही म्हणून ती सभासद नाही. तिथं ती मागावर बसत होती, तरी तिच्या हातात काय आलं? मागावर बसण्या-न बसण्यानं प्रश्न सुटत नाही. कामाची किंमत कुणाच्या नावानं लिहिली जाते आणि पैसा कुणाच्या हातात पडतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याच उशाक गावातली आणखी एक हकीकत इतिहासकार डोनाल्ड क्वाटार्ट यांनी लिहून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गालिच्यांची मागणी फार वाढली. हातानं कातलेलं सूत पुरेना, म्हणून गावात वाफेवर चालणाऱ्या सूतगिरण्या निघाल्या. आतापर्यंत सूत कातून पोट भरणाऱ्या बायकांचं काम गेलं. १९०८ च्या मार्च महिन्यात त्या बायका पोरांना घेऊन गिरण्यांवर चालून गेल्या. लोकरीचा साठा लुटला, यंत्रघरांची मोडतोड केली. यंत्राचं सूत काही त्यामुळं थांबलं नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की कातणाऱ्या बायका स्वतःला कामगार समजत होत्या. आपलं काम गेलं हे त्यांना कळलं, कारण ते काम आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

आपल्याकडं रहाट बंद पडले तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही. ते एकेका घरात, एकेका माळ्यावर गुपचूप बंद पडले. का पडले, ते समजून घ्यायला हवं. नाहीतर आपण म्हणू, आजकालच्या सुनांना कष्ट नकोत.

आपली दख्खनी मेंढी माळरानावर जगणारी. तिची लोकर जाड, केसाळ, बहुतेक काळी. तिचं स्वेटर होत नाही, पण घोंगडी होते ती पाऊस झेलणारी, उन्हात आणि थंडीत दोन्हीकडं चालणारी. आता मेंढपाळाला पैसा मिळतो तो मटणाचा. म्हणून मोठ्या अंगाच्या, कमी लोकरीच्या जातीचे नर कळपात आले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीचा गुण आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, तीही मेंढपाळाचं उत्पन्न वाढावं म्हणूनच. यात कुणाचा दोष नाही. पण लोकर मागं पडली. दुसरीकडं पानिपतहून चिंध्यांपासून केलेल्या स्वस्त ब्लँकेटांचे गठ्ठे आठवडी बाजारात आले. रंगीत, हलके, धुवायला सोपे. तिसरं म्हणजे गायरानं गेली. कुठं अतिक्रमण, कुठं प्लॉट, कुठं कारखाना. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर आणि मेंढ्या साधारण सत्तावीस लाख. आज कित्येक ठिकाणी लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते आणि कातरलेली लोकर बांधावर फेकावी लागते.

या सगळ्यावर बाहेर पुष्कळ बोललं गेलं आहे. १९९२ मध्ये नित्या घोटगे आणि सागरी रामदास या दोन पशुवैद्यक बायकांनी 'अंतरा' ही संस्था सुरू केली. मेंढपाळांचं आणि त्यातल्या बायकांचं जनावरांबद्दलचं ज्ञान गोळा करायचं, दख्खनी मेंढीचा प्रश्न मांडायचा, हे काम तेव्हापासून झालं. म्हणजे हा विषय नवा नाही. नवी आहे ती आपल्या तालुक्यातली ही यादी.

आपलं जालना म्हणजे 'सोने का पालना' म्हणतात. १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. लोखंडाच्या सळया, बी-बियाणं, मोसंबी यांनी त्याचं नाव झालं. या तीनही ठिकाणी बाईचा हात बघा. संकरित कपाशीचं बी कसं तयार होतं? फूल उमलायच्या आदल्या दिवशी बोटांनी त्यातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग त्याला लावायचा. एकेका फुलाला. हे काम बायका-पोरींचं, कारण म्हणे त्यांची बोटं नाजूक. पाकिटावर बाईचा हात दिसत नाही. २०१८ मध्ये जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. शेतकऱ्याला कोष विकायला दूर कर्नाटकात जावं लागायचं, ते वाचलं. पाला तोडणं, अळ्यांना रात्रीबेरात्री तो घालणं, कोष वेचणं यात घरची बाई राबते. पैसे ज्याच्या नावावर नोंद, त्याच्या खात्यात जातात. घोंगडीची गोष्ट वेगळी नाही. ती फक्त जुनी आहे.

आता सरकारी कागद बघू. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत दोन रकाने आहेत. एक विणकर, दुसरा विणकामाला जोडलेले कामगार. देशभरातल्या प्रौढ विणकरांत दर शंभरी सत्तरच्या वर बायका निघाल्या, कारण ईशान्येकडच्या राज्यांत घरोघरी बाईच विणते. आपल्याकडची कातणारी मात्र त्या दुसऱ्या रकान्यात जायला हवी. पण गणना करणारा दारात आला की विचारतो, घरात विणतं कोण? नवरा पुढं होतो, दुसऱ्या रकान्याचा प्रश्न तसाच राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे त्यात आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, झाडू-टोपल्या करणारे, मासेमारीची जाळी विणणारे. लोकर कातणारे आणि घोंगडी विणणारे त्या अठरांत नाहीत. आणि जे धंदे आहेत त्यांतही एका कुटुंबातल्या एकाचीच नोंद होते. एकाचीच म्हटलं की कुणाची होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून या संस्थेची यादी मला इतकी महत्त्वाची वाटते. सरकारचे रकाने आपल्या हातात नाहीत, ही यादी आहे.

महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आहे. संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात. त्या दहाही पुरुषच असाव्यात असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. एका सभासदाला एक मत. संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण बाई सभासदच नसेल तर त्या जागेवर बसवणार कुणाला? सभासद नाही, तर मत नाही. मत नाही, तर सुताचा दर ठरतो त्या बैठकीत जागा नाही. आणि नफा वाटला तर त्यातही वाटा नाही. यादी म्हणजे नुसती नावं नाहीत, पुढच्या वीस वर्षांचा हिशेब त्यात आहे.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, ते मी टाळणार नाही. कारण ते घेणारे आपलेच लोक आहेत.

पहिला आक्षेप: "घरातला पैसा घरातच येतो, मग नाव कुणाचं याला काय अर्थ?" घरात आलेला पैसा घरात कसा फिरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पोरीच्या वह्यांना, बाईच्या दवाखान्याला तो किती वेळा 'नसतो' आणि बाकीच्या गोष्टींना किती वेळा 'असतो', हे मी इथं सांगत बसत नाही. पण एक विचारते. ज्या बाईचा नवरा गेला, जिला टाकून दिलं, जिचा दीर म्हणतो माग आमचा, रहाट घेऊन जा माहेरी, तिचं काय? घर एकच असतं तोवर नावाचा प्रश्न पडत नाही. घर मोडलं की फक्त नावच उरतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ मध्ये आला. तरी कळपाची वाटणी होते तेव्हा मेंढरं भावाभावांत मोजली जातात. बहिणीला साडी-चोळी. हे आपण बघत आलो आहोत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "सुताला मजुरी धरली तर घोंगडी महाग होईल, मग घेणार कोण?" विणणारा दादा काही सावकार नाही. खड्ड्यात बसून बसून त्याचेही गुडघे गेले आहेत. त्याच्या तोंडचा घास काढून बाईला द्यायचा, असं मी म्हणत नाही. पण आज घोंगडीची जी किंमत लावतात, ती सूत फुकट धरून लावतात. म्हणजे घोंगडी स्वस्त नाहीच, तिची निम्मी किंमत बाई आपल्या खिशातून भरते. तिला खिसा नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. बाजारात ब्लँकेटाशी भावानं झुंजायचं ठरवलं तर आपण हरणारच. घोंगडी घेणारा माणूस ती हातानं केली आहे म्हणून घेतो. मग हातांची किंमत त्याला सांगा. लोकर इतकी, पिंजण इतकं, सूत इतकं, खळ इतकी, विणकाम इतकं, असा कागद प्रत्येक घोंगडीबरोबर द्या. कातणारीचं आणि विणणाऱ्याचं, दोघांचंही नाव त्यावर असू द्या.

हे स्वप्नरंजन नाही. तुर्कस्तानात १९८१ च्या सुमाराला असा प्रयोग झाला. कृत्रिम रंगांनी गालिच्यांचा दर्जा आणि भाव दोन्ही घसरले होते. हाराल्ड ब्योमर नावाच्या जर्मन रसायनशास्त्राच्या शिक्षकानं जुन्या गालिच्यांतले रंग तपासले आणि ते कोणत्या झाडांचे हे शोधलं. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, निळीचा निळा. इस्तंबूलच्या मार्मारा विद्यापीठाच्या मदतीनं खेड्यांतून ते रंग पुन्हा सुरू झाले. त्यात युंतदाग नावाच्या डोंगराळ भागात बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याला रंगाचीही गरज नाही, आपल्या मेंढीनंच काळा, करडा, पांढरा दिला आहे. पण विणणारी बाईच सभासद, हा भाग आपण जरूर घेऊ शकतो.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच तरुण मुली घेतात: "कशाला हा रहाट पुन्हा गळ्यात? आम्हाला नर्सिंगला जायचंय." मुलींनो, जा. परंपरा टिकवण्याचं ओझं नेहमी पोरीच्या मानेवर ठेवतात, त्याला माझा पाठिंबा नाही. गालिच्यांच्या धंद्यात कोवळ्या बोटांच्या नावाखाली काय चालतं ते आपल्या देशानं पाहिलं आहे. भदोही-मिर्झापूरच्या मागांवर लहान मुलं राबत होती. ती सोडवण्यासाठी कैलास सत्यार्थी यांनी लढा दिला, आणि बालमजुरीशिवाय केलेल्या गालिच्यावर खूण लावायची 'रगमार्क' योजना १९९४ मध्ये आली. म्हणून आपल्या संस्थेचा पहिला नियम हाच असावा: शाळेच्या वयाच्या मुलीच्या हातचं सूत संस्था घेणार नाही. जिला कातायचं तिनं कातावं, पण मजुरी घेऊन आणि स्वतःच्या मर्जीनं.

आणि यंत्राचं काय? उशाकच्या बायकांनी यंत्रं मोडली, त्यांचं दुःख मला कळतं. पण पिंजणाची धूळ छातीत जाते, खोकला जडतो, हेही आपण बघतो. पिंजायचं यंत्र आलं तर मी त्याचं स्वागत करीन. कातायचं यंत्र आणायचं की सुधारलेला रहाट आणायचा, हे मात्र कातणाऱ्या बायकांना विचारून ठरवा. यंत्र आलं तर ते कुणाच्या मालकीचं आणि ते चालवायला कोण शिकणार, हेही त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. आपला अनुभव असा आहे की काम हातानं असतं तोवर ते बाईचं असतं, आणि त्याला बटण आलं की ते पुरुषाचं होतं. पिठाची गिरणी आठवा. जातं बाईचं, गिरणी पुरुषाची.

शेवटी कामाचं बोलते. पुढच्या महिन्यात संस्थेची सभा आहे. तिथं आपण रिकाम्या हातानं जायचं नाही. चार मागण्या लिहून न्यायच्या.

एक, संस्थेच्या नावात आणि नियमांत नुसता 'विणकर' शब्द नको. 'लोकर कातणारे व विणणारे' असं लिहा. शब्द बदलला की यादी आपोआप बदलते.

दोन, कातणारी प्रत्येक बाई स्वतःच्या नावानं सभासद. भाग घ्यायला पैसे नसतील तर तिच्या सुताच्या मजुरीतून हप्त्यानं कापून घ्या.

तीन, सूत वजन करून, वहीत लिहून घ्यायचं. काळं-पांढरं, जाड-बारीक यांचा दर सभेत ठरवायचा. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात.

चार, निवडणं, पिंजणं आणि खळ यांची मजुरी किमतीत वेगळी दाखवायची.

सभेला जाण्याआधी प्रत्येक गावात आपण एकेक वही करू. रहाट कुणाकडं आहे, चालू आहे की माळ्यावर आहे, वर्षाला किती सूत निघतं, ते कुठं जातं, त्याचे पैसे मिळतात का, एवढे पाच प्रश्न. जिला लिहिता येतं तिनं लिहावं, जिला येत नाही तिनं सांगावं. ज्यांचे मालक वाड्यावर आहेत, मेंढरं घेऊन लांब गेले आहेत, त्यांच्या पालावर जाऊनही विचारायचं. वाघुरीतली मेंढरं रोज संध्याकाळी मोजतात, एक कमी पडलं तर रात्रभर शोधतात. बायांची अशी मोजणी अजून झाली नाही, ती आपण करायची आहे.

ज्या आजींनी ज्वारीचे दाणे मांडले, त्या आज इथं पुढच्या रांगेत आहेत. वहीत पहिलं नाव त्यांचं लिहू. पूर्ण नाव, आणि पुढच्या रकान्यात धंदा: सूत कातणे.